अपिलासाठी आवाजाची तालीम

मला मोठ्यानं बोलता येत नाही. चौथीपर्यंत शाळेत होते तेव्हा हजेरीला मी "हजर" म्हणायची आणि गुरुजी गैरहजर मांडायचे. लग्नानंतर एकदा माहेरी निघाले होते. माहेर मुखेडच्या पुढं एका फाट्यावर. फाटा आला, पण गाडी थांबवा म्हणून कंडक्टरला हाक मारायची हिंमत होईना. बसून राहिले ती थेट नांदेडला उतरले. परतीच्या गाडीला कंडक्टर तोच निघाला. म्हणाला, "बाई, तुमचं गाव हाललं का जागेवरून?" त्यालाही मी काही बोलले नाही. पण या खेपेला त्यानं आपणहून फाट्यावर घंटी मारली.

आमच्या घरात बोलायचं सगळं काम आत्याबाईंकडं होतं, म्हणजे माझ्या सासूबाईंकडं. माझा नवराही अबोलच. दुष्काळात आम्ही दोघं हमीच्या कामावर खडी फोडायला जायचो, तर दिवसभरात आमच्या दोघांपेक्षा हातोडेच जास्त बोलायचे.

अशा बाईच्या बोलण्यावर एका माणसाची शिक्षा उभी राहिली. त्याचं हे आहे. कुणाला वाचायला द्यायचं नाही, म्हणून मला लिहिता येतंय.

आमच्या दारासमोर एक घर होतं. त्यात माझ्याच वयाची बाई राहायची. नवरा वारलेला, एकच मुलगी, तेव्हा दुसरीत. गावातल्या मोठ्या घरच्या धाकट्या भावानं त्या पोरीला शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गुरं बांधायच्या जागेवर, नेलं. मी तिकडं शेण गोळा करत होते. आखाड्याच्या खोपीतून मी काय ऐकलं आणि दार ढकलल्यावर काय पाहिलं ते लातूरच्या कोर्टात सांगून झालंय. इथं पुन्हा लिहीत नाही. पोरगी माझ्या पदराखाली शिरली ती घर येईपर्यंत बाहेर निघाली नाही, एवढं पुरे.

तेव्हा लातूर जिल्हा नवीन झाला होता. आम्ही सगळे आधी उस्मानाबादेत होतो, आणि पाय अजून तिकडंच वळायचे. साक्षीच्या दिवशी अहमदपूरच्या स्टँडवर आत्याबाई सवयीनं उस्मानाबादच्या गाडीत चढून बसल्या आणि लोकांना म्हणू लागल्या, "कोर्ट हाय आमचं, जरा सरका." त्यांना उतरवून घेताना गाडी सुटायची वेळ झाली. लातुरात कचेऱ्यांच्या पाट्या नव्याकोऱ्या होत्या. ज्याला विचारावं तो आधी स्वतःच पाटी वाचायचा आणि मग आम्हाला सांगायचा.

कोर्टात लहान मुलीचं प्रकरण म्हणून साहेबांनी बाकीच्यांना बाहेर काढलं. मी कठड्यात उभी राहिले. सरकारी वकिलांनी नाव विचारलं. मी सांगितलं. साहेब म्हणाले, "मोठ्यानं बोला." मी पुन्हा सांगितलं. साहेबांनी कानाला हात लावला. तेवढ्यात बंद दारापलीकडून आत्याबाई म्हणाल्या, "सायेब, ती घरी बी आशीच बोलती. तिच्यावर राग धरू नका." शिपाई त्यांना लांब नेऊन बसवून आला.

शेवटी टाइप करणाऱ्या बाबूंची खुर्ची कठड्याला लावली. मी त्यांना सांगायचं, त्यांनी साहेबांना ऐकवायचं, साहेबांनी माझ्याकडं बघून विचारायचं की असंच ना, आणि मी मान हलवायची. असं करत सगळं झालं. पोरीलाही त्या कठड्यात उभं केलं होतं. तिचं डोकं कठड्याच्या वर येत नव्हतं, म्हणून खाली लाकडी पेटी ठेवली. ती बोलली. तिच्यापुढं माझं बोलणं काहीच नाही. पण त्या दिवसानंतर ती कुणी काही विचारलं की फक्त मान हलवायची. जेवलीस का, हो. शाळेला जातेस का, हो. शब्द नाही. पुष्कळ दिवस असं चाललं.

त्या माणसाला शिक्षा लागली. पोरीची आई मला म्हणाली, "आता हिला हळूहळू बोलतं करू." आणि खरंच, पोरगी चौथीत गेली, म्हणजे मी शिकले तितकी शिकून होत आली, तेव्हा पुन्हा बोलू लागली. आधी शेळीशी, मग आईशी, मग आत्याबाईंशी भांडायला लागली. आत्याबाईंना तिच्याशी भांडायला फार आवडायचं.

तेव्हाच बातमी आली की औरंगाबादला हायकोर्टात अपील निघालंय.

आता आमच्या गावात अपील म्हणजे काय, तर पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडं भावकीचा तंटा असला आणि पंचांचा निकाल पटला नाही, तर आणखी चार गावचे मोठे पंच बोलवायचे. ते पारावर बसले की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं. बांध कुणी फोडला, कुणी पाहिलं, म्हैस कुणाची. लोक दुसऱ्या वेळी जास्त रंगवून सांगतात आणि काही जण बाजूही बदलतात. तेव्हा हायकोर्ट म्हणजे मोठा पार आणि मोठे पंच, हे गावात सांगावंच लागलं नाही.

पोरीच्या आईनं बातमी ऐकली आणि भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, "म्हंजी पोरीला पुन्हा सांगावं लागंल?"

मी मान हलवली. मला काय माहीत. माझंही गाव तेच.

"आत्ता कुठं बोलून राहिली गं ती," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही.

त्या दिवशी मी ठरवलं की या खेपेला आपण इतकं मोठ्यानं आणि नीट सांगायचं, की साहेबांना पोरीला उठवायची गरजच वाटू नये. ठरवलं खरं, पण हेसुद्धा मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

मोठ्या घरचा थोरला भाऊ, ज्याला गाव मालक म्हणायचं, तोही याच गावचा. त्याच्या औरंगाबादच्या वकिलानं त्याला सांगितलं होतं की सगळं त्या बाईच्या साक्षीवर आहे. वकील बिचारा झालेल्या साक्षीबद्दल बोलत होता. मालकानं होणाऱ्या साक्षीबद्दल ऐकलं, आणि एका सकाळी आमच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"वैनी," तो म्हणाला, "झालं गेलं होऊन गेलं. लांबून माणसाला नीट दिसत न्हाई. औरंगाबादेत तेवढं म्हणायचं, की मला नीट दिसलं न्हाई. बस."

मी खाली बघून म्हणाले, "मी फिरणार नाही."

मालक आत्याबाईंना म्हणाला, "काय म्हणल्या?"

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं. त्या वर्षी नदी कोरडी, गावची विहीर कोरडी, हापशाला अर्धा तास हापसल्यावर वाफ यायची. मालकाच्या मळ्यातल्या विहिरीत तेवढं पाणी होतं.

"इचार करून राहिलीय," आत्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मालकाचा गडी पाण्याच्या दोन बिंदग्या दारात ठेवून गेला. चकचकीत पितळेच्या. आम्ही पाणी ओतून घेतलं आणि बिंदग्या परत दिल्या. दोन दिवसांनी मालक पुन्हा आला. मी पुन्हा तेच म्हणाले, जरा जोर लावून. त्याला वाटलं मी खोकले.

"आजून इचार चालू हाय का?" त्यानं विचारलं.

"मोठा इचार हाय मालक," आत्याबाई म्हणाल्या, "दोन बिंदग्यांत कसा व्हईल?"

मग बैलगाडीवर पाण्याचं टिपाड, म्हणजे मोठं पिंपच, आलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात दोन टिपाडं. मी जितकी गप्प बसेन तितका मालकाला माझा भाव वाढताना दिसायचा. पारावर तो म्हणाला म्हणे, की ही बाई दिसायला गाय आहे, पण सौद्याला पक्की आहे. बैलबाजारात असा एक व्यापारी असतो, जो रुमालाखाली हात घालतो आणि बोटच हलवत नाही. तशी मी.

टिपाडं दारात उतरली की सगळी गल्ली घागरी घेऊन यायची. बायका मला म्हणायच्या, "माय, तू आशीच ऱ्हा. काहीच बोलू नको बघ." जन्मात पहिल्यांदा माझ्या न बोलण्याचं कुणी कौतुक केलं. मी आत्याबाईंना रात्रंदिवस सांगत होते की हे बरोबर नाही, आपण त्याचं पाणी पिऊन राहिलो. त्या म्हणायच्या, "पाणी त्याच्या बापाचं हाय का? भुईचं हाय. आन् तू तर त्याला सरळ न्हाई म्हणून राहिलीस. त्याला आयकू येत न्हाई त्याला मी काय करू?"

गल्लीत एकच बाई घागर घेऊन आली नाही. ती समोरची. तिनं टिपाडं पाहिली, मला पाहिलं, आणि दार लावून घेतलं. हापशावर मी शेजारी उभी राहिले तर ती घागर उचलून मागं जाऊन उभी राहिली. आत्याबाईंनी तिच्या उंबऱ्यावर दोन घागरी पाणी नेऊन ठेवलं. तिनं त्या घागरी उचलल्या आणि रस्त्यावर ओतून दिल्या. दुष्काळात. सगळी गल्ली बघत उभी राहिली. पाण्याचा ओहोळ गल्लीतनं जाताना कोंबड्यांनी तेवढा त्याचा फायदा घेतला.

त्या दुपारी मी तिच्या घरी गेले. तिनं बस म्हटलं नाही, मी बसले. तिनं ज्वारी पाखडायला घेतली. मी सुपाकडं बघत होते. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं, कारण मग मला नुसतं ऐकायचं असतं. ती काहीच बोलेना. दोघी गप्प असल्या तर कुणीतरी आधी बोलावं लागतं, आणि ते काम माझ्यावर आलं.

मला समजावून सांगणं जमत नाही. म्हणून मी सरळ साक्षच सांगितली. शेण गोळा करत होते इथपासून पोरगी पदराखाली शिरली तिथपर्यंत, लातूरला सांगितली तशीच्या तशी. काही गाळलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाले, "हेच सांगणार हाय. पाणी आत्याबाईंचा उद्योग हाय."

तिनं सूप खाली ठेवलं. मग डोळे पुसून म्हणाली, "आयकू आलं. पर मी हातभर अंतरावर हाय. सायेब कुठं बसतो?"

"लांब," मी म्हणाले.

"मंग मोठ्यानं म्हण."

मी म्हटलं. ती म्हणाली, "हे मोठ्यानं झालं?"

दुसऱ्या दिवसापासून आमची तालीम सुरू झाली. गावाबाहेर कोरडा ओढा होता. ती एका काठावर, मी दुसऱ्या. पण ते उघड्या रानात ओरडून सांगण्यासारखं होतं का? माझ्या तोंडातून पहिला शब्द निघेना. ती हाताचं शिंग करून म्हणाली, "ते नको म्हणू. दुसरं कायबी म्हण."

"काय म्हणू?"

"काय?"

"काय म्हणू?"

"आयकू येईना."

मग मला येतं ते मी म्हणाले. पिठलं. मी ओढ्याच्या काठावर उभी राहून पिठल्याची कृती सांगायला लागले. तेल घ्यायचं, मोहरी टाकायची, ती तडतडली की लसूण ठेचून टाकायचा. तिला ऐकू आलं की ती हात वर करायची आणि दोन पावलं मागं सरकायची. नाही आलं तर पदर हलवायची. पहिल्या दिवशी मी मोहरीच्या पुढं गेले नाही. आठवड्याभरात लसूण लाल झाला. पंधरा दिवसांनी बेसन कालवून टाकेपर्यंत तिचा हात वर होता आणि ती पार बाभळीपर्यंत मागं गेली होती.

एकदा बाभळीमागून शेळ्या राखणारा म्हातारा उठून म्हणाला, "बाई, मिरची ऱ्हायली तुमची." मी तिथंच खाली बसले. त्यानंतर आम्ही आधी बाभळीमागं बघून यायचो.

पोरगी एकदा आईला म्हणाली, "तुम्ही दोघी वढ्याला काय करून राहिल्या?" आई म्हणाली, "सैपाक." पोरीला पटलं नाही, पण तिनं पुढं विचारलं नाही. तिला सगळं कळत होतं असं मला वाटतं. रोज संध्याकाळी ती दारात बसून आमची वाट बघायची आणि आमच्या तोंडाकडं बघायची.

तारीख कळली तेव्हा पोरीला नांदेडला तिच्या मामाकडं ठेवलं. आई म्हणाली, "इथं राहिली तर कुणी तरी गाडीत घालून कोर्टापुढं नेईल हिला. अन् तो सुटून आला, तर मी गावाकडं येतच न्हाई. तिथंच राहीन भावाकडं." आपलं गाठोडंही तिनं सोबतच घेतलं होतं. आम्ही तिघी, मी, ती आणि आत्याबाई, नांदेडहून औरंगाबादच्या गाडीत बसलो. रस्ताभर मी मनात पिठलं करत होते.

हायकोर्टात आम्ही दाराजवळ उभ्या राहिलो. लातूरला शिपाई दारात येऊन नावाचा पुकारा करायचा, तशी वाट बघत. इथं कुणीच पुकारा करेना. काळ्या कोटातली माणसं आत-बाहेर करत होती. शेवटी आत्याबाईंनी एका कोटाची बाहीच धरली. ते नेमके सरकारी वकील निघाले.

"आम्ही साक्षीला आलो," आत्याबाई म्हणाल्या, आणि गावाचं नाव सांगितलं.

"तुम्हाला कुणी बोलावलं?"

"अपील हाय ना?"

"अपिलात साक्ष नसते हो. खालच्या कोर्टात जे सांगितलं ते सगळं लिहून इथं आलंय. साहेब तेच वाचतात."

आत्याबाईंना राग आला. "आन् हिनं दोन महिने पिठलं केलं ते?"

वकिलांना यातलं काहीच कळलं नाही. पोरीच्या आईनं पुढं होऊन विचारलं, तिचा आवाज माझ्यासारखा झाला होता, "मंग पोरीला न्हाई बोलावणार?"

"मुलीला? कशाला? तिचंही लिहिलेलं आहे. तिला पुन्हा कुणी विचारणार नाही."

ती दाराजवळच्या भिंतीला टेकली. मी तिचं गाठोडं धरलं, नाहीतर ते पडलं असतं. वकील म्हणाले, आलात तर मागं बसा, पण निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. तेवढ्यानं ती पुन्हा सरळ झाली. पोरीला बोलावं लागणार नव्हतं, पण तो सुटायचा तर अजून सुटू शकत होता.

आत दोन साहेब उंचावर बसले होते. बोलणं सगळं इंग्रजीत. त्यात आमच्या गावाचं नाव यायचं, तेही असं की आम्हाला वाटायचं दुसरंच गाव आहे. पलीकडच्या बाकावर मालक होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला. दोन महिने टिपाडं उतरवली, आणि बाई आली. तो माझ्याकडं बघून मान हलवायचा, मग आपल्या वकिलाच्या पाठीकडं बघायचा. वकील बोलत होता, बोलत होता, आणि काही केल्या मला बोलवत नव्हता. मालकाला राहवेना. तो उठून उभा राहिला.

"सायेब," तो म्हणाला, "साक्षीदार बाई हजर हाय. तिला इचारा."

त्याच्या वकिलानं डोळे मिटले. एक साहेब चष्म्यावरून बघत मराठीत म्हणाले, "कोण बाई?"

"ही काय. आधी तिकडून होती. आता आमच्याकडून हाय."

"तुमच्याकडून कशी झाली?"

"समजावलं सायेब."

"काय दिलं?"

"काय न्हाई सायेब," मालक म्हणाला, "पाणी तेवढं."

वकिलानं मालकाचा सदरा धरून त्याला खाली ओढलं. दोन्ही साहेबांनी एकमेकांकडं पाहिलं. मग ते चष्मेवाले साहेब मला म्हणाले, "बाई, उभ्या राहा."

मी उभी राहिले. अंतर ओढ्यापेक्षा कमी होतं. घसा तयार होता. पोरीची आई माझ्याकडं बघत होती, आणि सवयीनं तिचा हात अर्धा वर गेला होता. मी तोंड उघडलं.

"घाबरू नका," साहेब म्हणाले. "इथं साक्ष होत नाही. तुम्ही लातूरला जे सांगितलं ते आम्ही दोघांनी वाचलंय. ते पुरेसं आहे. बसा."

मी बसले. तोंड मिटायला मात्र थोडा वेळ लागला. आत्याबाई माझ्या कानात म्हणाल्या, "एवढं पाणी पेलं, एक शब्द तरी बोलायचास." पण माझ्या बोलण्याला तोवर आयुष्यात कुणी पुरेसं म्हटलं नव्हतं. मला आणखी काही नको होतं.

त्यानंतर साहेब बराच वेळ इंग्रजीत सांगत राहिले आणि एक बाई ते लिहून घेत राहिली. मालक खाली बघून बसला होता. आम्ही सरकारी वकिलांच्या तोंडाकडं बघत होतो. ते फाईल बांधून मागं आले आणि म्हणाले, "फेटाळलं. शिक्षा कायम आहे." आत्याबाईंनी तेच त्यांना पुन्हा तीन वेळा सांगायला लावलं. आणि मालकाच्या त्या बोलण्यामुळं झालं का, असंही विचारलं. वकील म्हणाले, नाही, त्या दोघींच्या साक्षीमुळं. दोघींच्या म्हणजे माझ्या आणि पोरीच्या.

गावात पुढं पुष्कळ दिवस माझ्यावर राग होता, तोही बायकांचा. मालकाची गाडी आमच्या गल्लीत यायची थांबली. हापशावर एक म्हातारी मला म्हणाली, "माय, पावसाळ्यापर्यंत तरी लांबवायचं व्हतंस की गं अपील." जसं ते माझ्याच हातात होतं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी आम्ही नांदेडला उतरलो तेव्हा पोरगी मामाच्या दारात दगडावर बसलेली होती. आम्हाला बघून उठली नाही. आई तिच्यापुढं जाऊन बसली आणि म्हणाली, "तुला काही सांगावं लागणार न्हाई. कुणालाच. कधीच. अन् तो बी येत न्हाई."

पोरीनं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आत्याबाईंकडं बघितलं.

"तुम्ही सांगितलं?" तिनं मला विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. "तू आधीच सांगितलं व्हतंस," मी म्हणाले. "त्यांनी ते वाचलं."

"सगळं?"

"सगळं."

ती उठली, परकराची धूळ झटकली आणि आत्याबाईंना म्हणाली, "मंग तुम्ही तिघी येवढ्या लांब कामून गेल्या व्हत्या?"

"बसायला," आत्याबाई म्हणाल्या.

पोरगी हसली. आणि मग मामाकडं दोन दिवसांत काय काय झालं ते सांगायला लागली. मामीनं काय केलं, शेजारच्या पोरींनी कशी लंगडी खेळली, कुणी रडीचा डाव खेळला. तिची आई गाठोडं सोडत ऐकत होती. जेवण झालं तरी पोरगी थांबली नाही, आणि तिला कुणी थांब म्हणालं नाही.